टाच मोडलेल्या सेंटरिंग कारपेंटरला कामावर परत कसं घ्यायचं?

सेंटरिंगवाला_नाशिक (11 ऑगस्ट 2024)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सेंटरिंगची (काँक्रीट ओतायच्या प्लायच्या साच्यांची) छोटी ठेकेदारी करतो, 14 माणसं आहेत, त्यातला एक कारपेंटर 9 वर्षांपासून माझ्याकडं आहे. वय 35. कॉलमचा बॉक्स त्यानं उभा केला की मी ओळंबा लावून बघायचंसुद्धा सोडून दिलं होतं इतका भरवशाचा हात. फेब्रुवारीत दुसऱ्या स्लॅबचं सेंटरिंग खोलताना परांचीची फळी सरकली आणि तो 11-12 फुटांवरून सरळ पायावर खाली आला, उजव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले, प्लेट आणि स्क्रू टाकावे लागले. फळी बांधलेली नव्हती. बांधून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, हे आधीच सांगतो.

दवाखान्याचा खर्च मी आणि वरच्या कॉन्ट्रॅक्टरनं मिळून केला. घरी दर शनिवारी 2 हजार देतो आणि वहीत उचल म्हणून लिहून ठेवतो. आता सहा महिने झाले, डॉक्टरांनी कागदावर फक्त "हलकं काम चालेल" लिहून दिलंय आणि मोठ्या साईटचा सेफ्टीवाला म्हणतो पूर्ण फिट असल्याशिवाय गेट पास नाही.

मागच्या आठवड्यात त्याला एका बंगल्याच्या साईटवर नेलं, म्हटलं नुसतं बसून राहा, माणसांत जरा बरं वाटेल. तर हा आपण होऊन शिडीला लागला. तिसऱ्या पायरीवर थांबला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली, शर्ट घामानं भिजलेला, मग काही न बोलता खाली उतरला आणि जुन्या प्लायच्या थप्पीवर बसून दिवसभर खिळे काढत राहिला. संध्याकाळी म्हणतो, "मालक, आज माझी हजेरी लावू नका." मला रात्री झोप लागली नाही हो.

त्याला कुठलं काम देऊ, किती तास देऊ, हजेरी किती धरू? तो परत वर चढेल का? कुणी असं माणूस परत उभं केलं असेल तर सांगा.

माने_बिल्डकॉन

वॉचमन करून टाका. बसून पगार मिळेल, तुमच्या डोक्यालाही ताप नाही.

गवंडीकाका

वॉचमन नका करू साहेब, हात जोडून सांगतो. मी 2011 ला पडलो, कंबरेचा मणका दबला, मलाही गेटवर बसवलं होतं. आठ महिने बसलो. माझ्या हाताखालचे बिगारी माझ्यासमोरून थापी घेऊन आत जायचे आणि मी वहीत ट्रकचे नंबर लिहायचो, त्या आठ महिन्यांत मी जेवढी दारू प्यालो तेवढी आयुष्यात प्यालो नाही. मला बाहेर काढलं ते एका मिस्त्रीनं, एक दिवस येऊन म्हणाला काका, खाली फरशीचा लेव्हल बघून द्या, पोरांना जमत नाहीये. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. मग मीच गेटवर जायचं बंद केलं.

तुमचा माणूस खिळे काढत बसला ना, तो काम मागतोय तुमच्याकडं. हजेरी लावू नका म्हणाला तरी लावा, पूर्ण लावा. आणि शिडीबद्दल चारचौघांत विचारू नका, पोरं हसली तर तो परत साईटवर येणार नाही.

फिजिओ_कोल्हापूर

काकांनी मुद्द्याचं सांगितलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बांधकामावरचे पेशंट खूप बघते. टाचेचं फ्रॅक्चर चिवट असतं, सहा महिन्यांत माणूस सपाट रस्त्यावर चालायला लागतो म्हणून घरच्यांना वाटतं झालं बरं, पण टाचेच्या वर जो सांधा असतो तो पाय आतबाहेर कलवतो, आणि नेमका तोच आखडतो. म्हणजे वाळूचा ढीग, खडी, उतार, शिडीची गोल पायरी, हे सगळं सगळ्यात उशिरा जमतं. सुधारणा दीड-दोन वर्षं चालू राहू शकते, त्यामुळं आज चढता येत नाही म्हणजे कधीच येणार नाही असं धरू नका. आधी एक विचारते, उंचावरून टाचेवर पडलेल्यांत कधीकधी मणक्यालाही मार असतो आणि पायाच्या दुखण्यात तो झाकला जातो. कंबर दुखते का? दुखत असेल तर एक्स-रे काढलाय का बघा.

आता कामाचं. "हलकं काम" या शब्दाचा साईटवर काही उपयोग नाही, आणि सेंटरिंगला काय काय करावं लागतं हे डॉक्टरांना माहीत नसतं. तुम्ही एका कागदावर त्याची कामं लिहा, प्लाय उचलणं, उकिडवं बसून ठोकणं, शिडी, परांची, प्रॉप (टेकू) लावणं, आणि तो कागद घेऊन त्याच्याबरोबर डॉक्टरांकडं जा. प्रत्येकापुढं लिहून घ्या: आत्ता चालेल, दोन महिन्यांनी बघू, नाही. किती किलो, किती तास उभं राहायचं, तेही. सेफ्टीवाल्याला असा कागद दिला तर तो निदान बोलायला तरी बसेल.

सुरुवात जमिनीवरच्या कामानं करा. बॉक्सचे पॅनल बनवणं, प्लायचं कटिंग, तेही कंबरेच्या उंचीच्या टेबलावर, कारण उकिडवं बसायला घोटा वाकावा लागतो आणि त्याचा अजून वाकत नसणार. चार तासांनी सुरू करा. मोजमाप सोपं आहे: संध्याकाळी पाय सुजणारच, ती सूज सकाळपर्यंत उतरली तर पुढच्या आठवड्यात एक तास वाढवा, उतरली नाही तर तिथंच थांबा. सेफ्टी शूज एक नंबर मोठे आणि टाचेखाली मऊ पॅड. बिडी-तंबाखू असेल तर सोडायला सांगा, हाड जुळायला त्यानं उशीर होतो.

आणि शिडीची भीती म्हणजे कमकुवतपणा नाही. दुसरी पायरी, उभं राहायचं, उतरायचं. आठवडाभर तेवढंच. पायरी त्याला ठरवू द्या.

कामगार_वकील

सेंटरिंगवाले दादा, तुमची तळमळ दिसते म्हणून स्पष्ट लिहितो. ती वहीतली उचल आजच खोडा. ते कर्ज नाही, त्याचा हक्क आहे.

त्याचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) हप्ता भरला जात होता का ते आधी बघा. जात असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ तिकडून मिळतो, पगाराच्या साधारण 90 टक्के. नसेल तर 2024 च्या या अपघाताला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 लागतो. त्यात कामावर येता येत नाही तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी मासिक पगाराच्या 25 टक्के द्यायचे, पगार जास्त असला तरी हिशोबाला 15,000 धरतात, म्हणजे पंधरवड्याला 3,750, सहा महिन्यांचे 45,000. शनिवारी दिलेले पैसे यात धरता येतात, दवाखान्याचा खर्च धरता येत नाही, तो वेगळा द्यायचाच असतो.

पाय बरा होऊन जेवढं कायमचं राहील त्याचा हिशोब वेगळा. कायद्यात वयानुसार गुणक ठरलेला आहे, 35 वर्षाला तो 197.06. 15,000 च्या 60 टक्के गुणिले तो गुणक म्हणजे 17 लाख 73 हजार होतात, आणि कमाईची क्षमता समजा 20 टक्के गेली तर त्यातले साधारण 3 लाख 54 हजार. इथं लक्षात ठेवा, डॉक्टरांच्या दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात. 1976 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं डावा हात गेलेल्या सुताराचं नुकसान पूर्ण 100 टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. म्हणून टाच किती वाकते यापेक्षा तो सेंटरिंगचं काम करू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

तुम्ही घाबरू नका. कायद्यानं वरचा कॉन्ट्रॅक्टरही जबाबदार असतो, त्याच्याकडं बहुतेक कामगार भरपाईची पॉलिसी असेल, ती मागा. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा. त्याला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत मिळतो. कुणीही "सगळे पैसे मिळाले" असं लिहून सही मागितली तर करू देऊ नका, हक्क सोडल्याचा करार कायद्यानं रद्दच असतो पण गरीब माणूस सही केल्यावर गप्प बसतो. आणि बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर नूतनीकरणाला वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, तो तुम्हीच द्या, अपघाताआधीचे दिवस आहेतच.

सेंटरिंगवाला_नाशिक (29 सप्टेंबर 2024)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. उचलीचं पान त्याच्यासमोर फाडलं, तो काहीच बोलला नाही, बायको रडली. पॉलिसी निघाली वरच्याकडं, क्लेम टाकलाय, अजून काही आलं नाही. कंबरेचा एक्स-रे चांगला आला.

फिजिओताई, कागद घेऊन गेलो डॉक्टरांकडं, ते म्हणाले असं आजवर कुणी आणलं नव्हतं. बंगल्याच्या साईटवर टेबल लावलंय, कॉलमचे पॅनल तोच बनवतो, हजेरी पूर्ण. चार तासांवरून सहावर आलोय, एकदा सूज राहिली तेव्हा आठवडाभर पाचच ठेवले. मोठ्या साईटवर अजून आत घेत नाहीत.

शिडीबद्दल मी काहीच विचारलं नाही. परवा मी पाणी प्यायला खाली आलो तर हा दुसऱ्या पायरीवर उभा होता, हातात ओळंबा, त्यानंच बनवलेल्या बॉक्सला लावलेला. मला म्हणाला, "मालक, वरून दोन सूत बाहेर आहे, पोराला सांगा टेकू मारायला." आणि स्वतःच उतरला.

आता परांची बांधली की फळ्यांच्या गाठी मी स्वतः फिरून ओढून बघतो, मगच माणूस वर.