विषय: पारोळा–एरंडोलच्या मध्ये गाडी ठोकली, मुलं सोबत होती

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात आपलं अमेरिकेतलं निम्मं मंडळ देशात असतं, म्हणून लगेच लिहिते. परवा माहेराहून जळगावला निघालो. पारोळा सोडलं आणि एरंडोलच्या अलीकडे, ऐन दिवेलागणीला, पुढे कपाशीने भरलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दादाने करकचून ब्रेक दाबला तरी आदळलोच. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या.

धाकटा, चार वर्षांचा, लहान मुलांसाठी गाडीत वेगळी बसवतात त्या सीटमध्ये गळा काढून रडत होता. मी त्याच्याकडे झेपावले. सात वर्षांची थोरली नुसत्या पट्ट्यावर होती, एकदम गप्प. शहाण्यासारखी बसलीय असं वाटून मी तिच्याकडे पाहिलंच नाही. चुकलंच माझं. रडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे तरी कळतं, आधी गप्प पोराकडे वळायचं.

पाच मिनिटांत शेतातली माणसं धावत आली. ‘पोरेसले लागनं का?’ एका आजींनी तांब्या धाकट्याच्या तोंडाशी नेला, कुणी थोरलीला दंडाला धरून बाहेर ओढू लागलं. सगळं मायेपोटी. पण ती मान दुखते म्हणत होती. गाडीला ना धूर, ना डिझेलचा वास, म्हणून तिला हलवू दिलं नाही. पाणीही नको म्हटलं, कारण पोटात मार असला आणि भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं. आमचा लाल त्रिकोण डिकीत, बॅगांच्या तळाशी! एका भाऊंनी बाभळीची फांदी तोडून मागे बऱ्याच अंतरावर आडवी टाकली आणि मोबाइलची बॅटरी हलवत उभे राहिले. 108 ला फोनही त्यांनीच केला.

दवाखान्यात मान ठीक निघाली. रात्री फ्रॉक बदलताना मात्र थोरलीच्या पोटावर पट्ट्याचा निळा वळ दिसला. परत नेलं, सोनोग्राफी झाली, एक रात्र ठेवून घेतलं. आता बरी आहे, पण फारशी बोलत नाही.

एक विचारायचंय. धाकट्याच्या सीटला ओरखडासुद्धा नाही. धुळ्याच्या भाचीला बाळ आहे, तिला देऊ का?

— पारोळ्याची, सध्या एडिसन

ताई, देऊ नका.

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. अमेरिकेतल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे अपघात किरकोळ असेल तरच सीट पुन्हा वापरता येते. म्हणजे गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत, कुणाला इजा नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटला तडा नाही, हे सगळं एकदम हवं. तुमच्याकडे एअरबॅग उघडल्या, तिथेच विषय संपला. आतला तडा डोळ्यांना दिसत नाही. पट्टे कापून मगच टाका, नाहीतर कुणी उचलून नेईल.

थोरलीला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, हवं होतं. उंची 145 सेंटीमीटरच्या आसपास होईपर्यंत पट्टा मांडीवर न बसता पोटावर चढतो, वळ त्याचाच. आतड्याची इजा कधीकधी उशिरा कळते. पोट दुखलं, उलट्या झाल्या, अवेळी गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत असतील तर काढू द्या, पोरीला बरंच वाटेल.

— भुसावळ, सध्या शिकागो

बेटा, कागदांचं बघ. कुणी जखमी असेल तर चालकाने 24 तासांत पोलिसांत कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 134. पंचनाम्याची प्रत घे, विमावाल्यांना तीच लागते. बाभळीवाल्या भाऊंना सांग की कलम 134-अ प्रमाणे मदत करणाऱ्याला साक्षीला बळजबरीने ओढता येत नाही. पोलिसांच्या भीतीने आपल्याकडे लोक थांबत नाहीत, हे थांबले.

— काका, धुळे-ह्यूस्टन

काका, त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले. कळण्याची भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडेनात.

पट्टे कापले. कात्री चालेना, शेवटी त्यांनीच विळा दिला. थोरली शेजारी उभी होती. म्हणाली, ‘माझाही पट्टा काप.’ तिचा गाडीतच आहे म्हटल्यावर रुसली, मग तासभर बडबडत होती.

— पारोळ्याची