मदत हवी आहे: पेशंटने लैंगिक संबंधांबद्दल विचारलं तर नर्सने काय बोलावं?

मी हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स आहे. परवा पन्नाशी ओलांडलेल्या एका पेशंटचा डिस्चार्ज होता. हातातलं इंट्राकॅथ (सलाईनची नळी) काढून कापसाचा बोळा दाबून धरला होता, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "सिस्टर, घरी गेल्यावर... बायकोजवळ गेलं तर चालेल ना?" दारात त्यांची मुलगी उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते डॉक्टरांना विचारा." ते मान हलवून शर्टाची बटणं लावायला लागले. डॉक्टर आले तेव्हा पेशंटने काहीच विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं असंही नाही. दोन जिने चढून छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर बहुतेकांना हळूहळू सुरुवात करता येते. खरी धास्ती वेगळीच आहे. त्यांना छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिली आहे. संकोचापोटी कुणाला न विचारता सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रा) घेतली, तर दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो, जिवावर बेतू शकतं. हे मी सांगायलाच हवं होतं.

तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता? "अजून काही शंका?" म्हटलं की सगळे नाहीच म्हणतात. बायका तर विषयही काढत नाहीत.

प्रतिसाद १
मी कर्करोग विभागात आहे. पेशंट विचारेल म्हणून थांबू नका, आपणच विषय काढायचा. मी नातेवाइकांना जरा बाहेर थांबायला सांगते, पडदा ओढते, स्टुलावर बसते. गोळ्या समजावते त्याच सुरात म्हणते, "या आजारानंतर जोडीदाराशी संबंधांबद्दल बऱ्याच जणांना प्रश्न पडतात. तुम्हाला काही विचारायचंय?" मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या, लैंगिक समुपदेशनाच्या प्लिसिट पद्धतीची हीच पहिली पायरी, बोलायला मुभा देणं. मग थोडी माहिती, मग नेमक्या सूचना, आणि गरज पडली तर तज्ज्ञांकडे. पहिल्या दोन पायऱ्या आपल्याच हातात असतात. उत्तर येत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा, आणि खरंच जाऊन सांगा.

धागाकर्ती
धन्यवाद ताई. पुढच्या आठवड्यात ते तपासणीला येतील. तेव्हा बोलू का?

प्रतिसाद २
तोवर थांबू नका. डॉक्टरांच्या कानावर घाला आणि आजच फोन करा. फोनवर तेच आहेत ना, एवढं बघा. सगळ्या गोळ्या एकेक करून विचारा, नायट्रेटपाशी आलात की सिल्डेनाफिलचंही सांगून टाका.