मदत हवी आहे: फार्मसीत टेक्निशियन लस टोचणार, तर जबाबदारीची वाटणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

प्रशिक्षित टेक्निशियननेही लस टोचावी अशी व्यवस्था लावायची आहे. ॲलर्जी, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं, आधीच्या डोसची तारीख ही चौकशी फार्मासिस्टच करेल. टोचणं आणि बॅच नंबरची नोंद टेक्निशियनकडे.

तंत्र शिकवता येतं: खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं सोडून, 90 अंशांत, बहुतेक प्रौढांना 25 मिमी सुई. घोळ होतो तो कपड्यांमुळे. बाही वर न सरकवता गळ्याकडून कपडा ओढला की सुई फार वर बसते, सांध्याजवळ लस जाते आणि खांदा महिनोन्‌महिने दुखू शकतो. म्हणून टोचणारा आणि टोचून घेणारा दोघंही बसलेले आणि खांदा पूर्ण उघडा, यात तडजोड नको. फ्रिजचं 2 ते 8 अंशांचं वेळापत्रक तयार आहे.

अडलंय ते पुढे. काउंटरवर गर्दी असताना टोचल्यानंतरची 15 मिनिटं लक्ष कोण ठेवतं? नुसती चक्कर आणि ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी तीव्र ॲलर्जी, यातला फरक (मंद नाडी की वेगवान, अंगावर गांधी, श्वासाला घरघर) टेक्निशियनकडून कसा घोटून घेता? आणि फार्मासिस्ट फोनवर असेल तर टेक्निशियनने न थांबता ॲड्रेनलिन (1 मिलीत 1 मिग्रॅ, प्रौढाला 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत) द्यावं, असा लेखी आदेश कोणी वापरतं का? त्यातले शब्द नेमके कसे आहेत? नमुना मिळाला तर फार मदत होईल, कारण इथे दोन मिनिटांची टाळाटाळही जिवावर बेतू शकते.