मदत हवी आहे: माद्रिदहून सेगोवियाला एका दिवसात मैत्रिणीकडे. बस की रेल्वे?

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं (नवरा, मी आणि सासूबाई) माद्रिदला आहोत. हॉटेल सोल चौकाजवळ. कॉलेजची मैत्रीण सेगोवियाला राहते, घर रोमन जलवाहिनीपासून जवळ. मंगळवारी सकाळी निघून रात्री परतायचं आहे. ती दुपारी १ ला मोकळी होते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चढ आणि पायऱ्या जमत नाहीत, आणि त्या शाकाहारी आहेत, अंडंही नाही. वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोचते, मग बसला सव्वा तास का घालवायचा? शिवाय मैत्रिणीचं निमंत्रणपत्र लागेल का? व्हिसा हॉटेल बुकिंगवर मिळालेला आहे.

प्रतिसाद १

तुमच्यासाठी बसच. रेल्वेचा अर्धा तास हा फक्त गाडीतला वेळ आहे. गाडी चामार्तीन स्थानकावरून सुटते. तिथे सामान स्कॅनरमधून जातं आणि सुटायच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं, म्हणून वीसेक मिनिटं आधी पोचावं लागतं. पलीकडे सेगोविया-गिओमार स्थानक गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर, माळरानात आहे. तिथून ११ नंबरची बस जलवाहिनीपाशी आणते. सगळं धरून बसइतकाच वेळ जातो, वर चढउतार जास्त.

बस मोंक्लोआहून सुटते. सोलहून मेट्रोची पिवळी ३ नंबरची लाइन थेट मोंक्लोआला जाते, कुठे बदलावी लागत नाही. तिकीट काढताना 'दिरेक्तो' लिहिलेलीच फेरी घ्या, बाकीच्या वाटेत थांबत जातात. सेगोवियाचा बस स्टँड जलवाहिनीपासून दहा मिनिटांवर आहे, सासूबाईंच्या चालीने पंधरा धरा.

तरीही रेल्वेच हवी असेल तर दोन चुका टाळा. माद्रिदच्याच आतोचा स्थानकाला जाऊ नका, तिथून टोलेडोची गाडी सुटते, सेगोवियाची नाही. आणि बुकिंगमध्ये नुसतं 'सेगोविया' निवडलं तर गावातल्या जुन्या स्थानकाची, डोंगरातून जाणारी दोन तासांची गाडीही दिसते. 'गिओमार' बघून घ्या. आवांत प्रकारची (कमी अंतराची वेगवान) गाडी बहुधा स्वस्त पडते. तिकिटावर पासपोर्ट नंबर असतो, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. रेन्फेच्या (स्पेनच्या रेल्वे कंपनीच्या) साइटवर भारतीय कार्डं बऱ्याचदा नाकारली जातात, म्हणून दुसरं कार्ड तयार असू द्या.

निमंत्रणपत्र मुक्काम तिच्या घरी असेल तर लागतं, आणि ते तिला तिथल्या पोलीस कचेरीतून काढावं लागतं. दिवसभराच्या भेटीला काही लागत नाही.

प्रतिसाद २

गुडघ्यांबद्दल. आसोगेहो चौकातून जलवाहिनी खालूनच सगळ्यात छान दिसते, तिथे ती सुमारे २८ मीटर उंच आहे. ग्रॅनाइटचे दगड नुसते एकमेकांवर बसवलेत, चुना-गारा काही नाही. शेजारच्या पायऱ्या चढून वरून बघायचा मोह टाळा. प्लाझा मायोर (मुख्य चौक) आणि कॅथेड्रलकडे जाणारा रस्ता सलग चढाचा आणि दगडी फरशीचा आहे, धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं. सासूबाईंसाठी चौकातून टॅक्सी करा. अल्काझार (किल्ला) त्याच्याही पुढे, गावाच्या पश्चिम टोकाला आहे. त्याच्या मनोऱ्याला १५२ पायऱ्या आहेत, म्हणजे तो सोडाच. माझं मत विचाराल तर अल्काझार बाहेरून पाहून तो वेळ मैत्रिणीला द्या. ती १ ला मोकळी होणार, तर आधीच्या दीड तासात जलवाहिनी आणि कॅथेड्रल आरामात होतं.

जेवण हाच खरा अवघड भाग. सेगोविया भाजलेल्या डुकराच्या पिल्लासाठी प्रसिद्ध आहे आणि शाकाहारी वाटणाऱ्या पदार्थांतही मांस असतं. 'हुदियोनेस' हे मोठे पांढरे पावटे, पण ते सॉसेज आणि डुकराच्या कानाबरोबर शिजवतात. लसणाच्या सूपमध्ये हॅम आणि अंडं. 'एन्सालादा मिक्स्ता' (मिश्र सॅलड) मागितली की वर ट्यूना आणि बहुतेक वेळा उकडलेलं अंडं येतं. क्रोकेतास (तळलेले गोळे) बहुधा हॅमचे. मशरूमवरही हॅमचे तुकडे टाकतात. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण हॅम आणि मासे त्यात धरलेच जातील असं नाही. हे चिठ्ठीवर लिहून घ्या: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन अतून, सिन उएवो, सिन काल्दो दे कार्ने'. म्हणजे मांस, हॅम, मासे, ट्यूना, अंडं आणि मांसाचा रस्सा काहीही नको. टोमॅटो लावलेला पाव, तळलेल्या हिरव्या मिरच्या (पिमिएन्तोस दे पाद्रोन) आणि पिस्तो (टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची शिजवलेली भाजी) यांवर त्यांचं भागेल. पिस्तोवर अंडं घालतात, ते नको म्हणा. सेगोवियाचा प्रसिद्ध पोंचे केक अंड्याचाच आहे.

स्वयंपाकघर साधारण दीड ते चार चालू असतं. त्यानंतर रात्री साडेआठशिवाय गरम जेवण मिळणं कठीण. दोन-अडीचचं टेबल मैत्रिणीकडून राखून घ्या.

धागाकर्ती

खूप उपयोग झाला, बसच घेते. तिच्यासाठी पेढे आणि दिवाळीचा फराळ न्यायचा होता. चालेल का? तिने ताजा कढीपत्ताही मागितलाय.

प्रतिसाद २

पेढे नकोत. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात खवा, चीज, तूप सगळं आलं. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. फळांत फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. चकली, शेव, शेंगदाण्याची चिक्की, गोडा मसाला बिनधास्त न्या. पाकीटबंद आणि वर घटक छापलेलं असेल तर विमानतळावर दाखवायला सोपं.

प्रतिसाद १

अजून एक: गाव साधारण १००० मीटर उंचीवर आहे, माद्रिदपेक्षा थंड. ऑक्टोबरात संध्याकाळसाठी सासूबाईंना जाड स्वेटर हवाच. परतीचं तिकीट आधी काढून ठेवा, पण शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या बसचं. ती चुकली तरी एक बस हातात राहते.