केबल लायसन्सचं नूतनीकरण: गावाच्या हातात नेमकं काय असतं? (मॅसॅच्युसेट्स)

नदीकाठ

नमस्कार मंडळी. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावातल्या केबल कंपनीचं लायसन्स ३० जून २०२९ ला संपतंय. सिलेक्ट बोर्डाने (गावाच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाने) केबल सल्लागार समिती नेमली आहे. गावकऱ्यांच्या (मराठी घरंही बरीच आहेत) दोनच मागण्या कानावर येतात: बिल कमी करायला लावा आणि इंटरनेट सारखं जातं त्याचा जाब विचारा. कंपनीचा सूर मात्र "आहे तोच करार पुढे चालवू, दहा वर्षांवर सही करा" असा आहे.

या दोन मागण्यांवर गावाचा अधिकार चालतो का? नूतनीकरण नाकारण्याची ताकद खरोखर आहे की नुसती कागदावर? कंपनी गावाला देते ते शुल्क पूर्ण देते का, हे हिशेबातलं फारसं न कळणाऱ्याने कसं पडताळायचं? आणि गावच्या वाहिनीचा स्टुडिओ याच पैशावर चालतो. टीव्हीचे ग्राहक घटतायत तसा तो पैसाही आटतोय. त्यासाठी करारात काय मागावं?

तांबडी_माती

आधी दर आणि इंटरनेट, कारण बहुतेक समित्यांचा सुरुवातीचा सगळा वेळ यातच जातो.

दरावर गावाचा अधिकार उरलेला नाही. १९९२ च्या केबल कायद्यात फक्त सर्वांत खालच्या बेसिक टियरचा दर गावाच्या कक्षेत होता, तोही गावात स्पर्धा नसेल तरच. २०१५ पासून एफसीसी (अमेरिकेचा केंद्रीय दूरसंचार आयोग) स्पर्धा आहेच असं गृहीत धरते. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. आपल्या राज्यातल्या काही गावांत तरीही नियंत्रण टिकून होतं. २०१९ मध्ये इंटरनेटवरून चालणाऱ्या एका टीव्ही सेवेला स्पर्धक मानून एफसीसीने इथल्या ३२ गावांतलं आणि हवाईतल्या कवाई बेटावरचं नियंत्रणही काढून टाकलं.

इंटरनेटचंही तसंच. एफसीसीच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे केबल लायसन्सच्या जोरावर गावाला त्याच तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचं नियमन करता येत नाही आणि त्यावर शुल्कही लावता येत नाही. सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०२१ मध्ये हे मान्य केलं. हे पहिल्याच जाहीर सभेत लोकांना स्वच्छ सांगा. नाहीतर सुनावणीला शंभर माणसं येतील, शंभरही जण वायफायवर बोलतील आणि कंपनीविरुद्ध वापरता येईल असं एक वाक्यही नोंदीत उतरणार नाही.

आता नाकारण्याची ताकद. ती खरी आहे, पण तारखांना आणि कागदाला बांधलेली आहे. केंद्रीय कायद्याच्या कलम ६२६ प्रमाणे लायसन्स संपण्याआधी ३६ वा महिना ते ३० वा महिना ही खिडकी असते. तुमच्यासाठी ३० जून २०२६ ते ३० डिसेंबर २०२६. त्या काळात कंपनीने लेखी मागणी केली की तिथून सहा महिन्यांत गावाने औपचारिक प्रक्रिया सुरू करायलाच हवी. यात दोन गोष्टी तपासायच्या: गावाच्या पुढच्या गरजा आणि कंपनीची आजवरची कामगिरी. कंपनीचा औपचारिक प्रस्ताव आल्यावर चार महिन्यांत हो किंवा प्राथमिक नकार द्यावा लागतो.

नकाराची कारणं चारच. कराराच्या महत्त्वाच्या अटी पाळल्या नाहीत. सेवा निकृष्ट होती, म्हणजे सिग्नल, तक्रारींची दखल, बिलं. कंपनीची आर्थिक, कायदेशीर किंवा तांत्रिक कुवत नाही. किंवा गावाच्या गरजा आणि त्यांचा खर्च पाहता प्रस्ताव वाजवी नाही. कुठल्या वाहिन्या दाखवतात हे सेवेच्या दर्जात धरता येत नाही, त्यामुळे 'पॅकेजमध्ये मराठी वाहिनी नाही' ही तक्रार कितीही खरी असली तरी इथे निरुपयोगी आहे.

गावं हरतात ती पहिल्या दोन कारणांवर. तिथे आधी कंपनीला लेखी नोटीस देऊन चूक सुधारायची संधी दिलेली असावी लागते. आठ वर्षं तोंडी कुरकुर केली आणि नवव्या वर्षी नकार दिला, तर तो टिकत नाही.

बहुतेक नूतनीकरणं शेवटी अनौपचारिक वाटाघाटीतूनच होतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त पहिल्याच पत्रात "औपचारिक प्रक्रियेतले आमचे सर्व हक्क राखून" असं लिहा आणि ती प्रक्रिया बाजूने चालू ठेवा.

हिशेबनीस

शुल्काचं मी सांगतो. यात गावं न बघताच पैसे सोडतात याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या राज्याच्या कायद्यात (प्रकरण १६६अ) गावाला दर ग्राहकामागे वर्षाला फक्त ५० सेंट मिळतात. खरा पैसा करारात ठरलेल्या टक्केवारीतून येतो आणि त्याला केंद्रीय मर्यादा आहे: केबल सेवेच्या एकूण महसुलाच्या ५ टक्के. समजा ४,००० ग्राहक आहेत आणि टीव्हीचं सरासरी बिल महिना ९० डॉलर. वर्षाचा महसूल ४३,२०,००० आणि त्याचे ५ टक्के म्हणजे २,१६,००० डॉलर.

गळती मुख्यतः तीन ठिकाणी होते.

पहिली, एकत्रित पॅकेजची सूट. टीव्ही ९०, इंटरनेट ७०, दोन्ही मिळून १६० ऐवजी १३० ला. ही ३० ची सूट प्रमाणात वाटली तर टीव्हीचा वाटा ७३ डॉलर १३ सेंट येतो. सगळी सूट टीव्हीवर टाकली तर ६०. इंटरनेटवर शुल्क नाही, त्यामुळे सूट टीव्हीकडे ढकलण्यात कंपनीचा फायदा उघड आहे. फरक एका घरामागे वर्षाला जेमतेम ७ डॉलर ८८ सेंट, पण अशी १,००० घरं असली तर गावाचे ७,८७५ डॉलर गेले. करारातल्या 'एकूण महसूल' व्याख्येत "पॅकेजची सूट जाहीर दरांच्या प्रमाणातच विभागली जाईल" हे वाक्य हवंच.

दुसरी, पत्त्यांची. गावाच्या सीमेवरच्या गल्ल्या कंपनीच्या संगणकात शेजारच्या गावात नोंदलेल्या असतात, विशेषतः दोन गावांचा झिप कोड एकच असेल तेव्हा. नावं मागू नका, खासगीपणाचा नियम आड येतो. रस्ता आणि घरक्रमांकाच्या पल्ल्यांची यादी मागा आणि ती टाउन क्लार्ककडच्या (गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडच्या) रस्त्यांच्या यादीशी ताडून पाहा. याला हिशेबाचं शिक्षण लागत नाही, दोन संध्याकाळी आणि एक पट्टी पुरते.

तिसरी, ग्राहकांच्या बिलात न दिसणारा महसूल: स्थानिक जाहिराती आणि खरेदी वाहिन्यांचं कमिशन. हा बहुधा प्रदेशभराचा एकत्र आकडा असतो आणि ग्राहकसंख्येच्या प्रमाणात गावाच्या वाट्याला येतो. भरण्यासोबतच्या विवरणात यांच्या वेगळ्या ओळी नसतील तर आधी त्या मागा.

करारात तपासणीचं कलम असं लिहा: मागची तीन वर्षं उघडता येतील, आणि कमी भरणा ठरलेल्या टक्क्यापेक्षा जास्त निघाला तर तपासणीचा खर्च कंपनीचा. आणि प्रत्येक चेक स्वीकारताना "ही पूर्ण वसुली समजू नये" हे कलम करारात आहे ना, तेही बघून घ्या.

खांबाखाली

वरच्या दोघांनी कागद सांगितला, मी रस्त्यावरचं सांगतो.

सेवेचे केंद्रीय निकष तयार आहेत, नवीन शोधायची गरज नाही. नेहमीच्या परिस्थितीत फोन ३० सेकंदांत उचलायचा, पुढे जोडायचा तर आणखी ३० सेकंद, आणि हे तिमाहीत ९० टक्के वेळा जमलं पाहिजे. फोन 'बिझी' लागण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत. साधं जोडणीकाम, म्हणजे चालू लाइनपासून १२५ फुटांच्या आत, कामाच्या ७ दिवसांत. सेवा बंद पडल्याचं कळल्यावर २४ तासांच्या आत काम सुरू. माणूस येण्याची वेळ जास्तीत जास्त ४ तासांच्या टप्प्यात सांगायची आणि आदल्या दिवशी ऑफिस बंद झाल्यावर ती रद्द करायची नाही.

पण हे निकष आपोआप लागू होत नाहीत. आम्ही ते अमलात आणणार आहोत अशी ९० दिवसांची लेखी नोटीस गावाने कंपनीला द्यावी लागते. तुमच्या गावाने ती कधी दिली आहे का ते आधी जुन्या फायलीत बघा. दिली नसेल तर या आठवड्यात पाठवा.

कंपनी दर वर्षी फॉर्म ५०० भरते, त्यात तक्रारी आणि खंडित सेवेची नोंद असते. ते मागच्या सगळ्या वर्षांचे काढा. सोबत गावाची स्वतःची तक्रारवही ठेवा: तारीख, वेळ, रस्ता, टीव्ही की इंटरनेट, कंपनीला कधी कळवलं, तिकीट क्रमांक, काम कधी झालं. 'टीव्ही की इंटरनेट' हा रकाना सोडू नका, कारण तुमच्या अधिकारात बसणारं तेवढंच त्यातून वेगळं काढता येतं. चोवीस तास किंवा जास्त सेवा बंद असेल तर राज्याच्या कायद्याने ग्राहकाला त्या प्रमाणात पैसे परत मिळायला हवेत. ते बिलात आपसूक वळते झाले की लोकांना मागावे लागले, हेही टिपून ठेवा.

आणि दुहेरी खांब. नवा खांब उभा राहतो आणि जुना त्याला दोराने बांधून वर्षानुवर्षं तसाच राहतो. कायद्याने (प्रकरण १६४, कलम ३४ब) नवा बसल्यापासून ९० दिवसांत जुना निघाला पाहिजे. का निघत नाही? वरून खाली वीज, मग गावची फायर अलार्मची तार, मग केबल, सर्वांत खाली टेलिफोन. वरच्याने आपली तार नव्या खांबावर नेल्याशिवाय खालच्याचा नंबर लागत नाही. त्यामुळे जुन्या खांबावर सर्वांत वर कोणाची तार उरली आहे हे मान वर करून पाहिलं की कोणामुळे अडलंय ते कळतं. कधी कधी ती गावचीच फायर अलार्मची तार निघते! म्हणून कंपनीला पत्र पाठवण्याआधी खांबाचा क्रमांक आणि फोटो घ्या, आणि आपल्या तारा आधी हलवा.

गोदाकाठ

रोचक धागा. नाशिककडे नगरपालिकेला एवढे अधिकार नाहीत ना?

तांबडी_माती

नाहीत. भारताच्या १९९५ च्या केंद्रीय केबल टीव्ही कायद्यात प्राधिकृत अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. दर आणि सेवेचे निकष ट्रायकडे (भारताच्या दूरसंचार नियामकाकडे). पालिकेचा संबंध येतो तो रस्ता खणणं आणि खांबांपुरता: कलम ४ब प्रमाणे परवानगी देणं, खणलेलं पूर्ववत करून घेणं किंवा त्याचे पैसे घेणं, आणि सार्वजनिक हितासाठी तार हलवायची झाली तर ती ऑपरेटरच्या खर्चाने हलवून घेणं.

नदीकाठ

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. नव्वद दिवसांची नोटीस फायलीत सापडत नाही, म्हणजे ती आता काढतोच. स्टुडिओचं राहिलं. आणि कंपनी म्हणते तशी दहा वर्षं द्यावीत की कमी? वकिलाच्या फीसाठी वेगळी तरतूद नाही.

हिशेबनीस

वकिलाचं आधी. प्रकरण ४४, कलम ५३फ¾ खाली टाउन मीटिंगने (गावाच्या मतदारसभेने) वेगळा केबल निधी स्थापन केला असेल तर त्यातून तीन कामांसाठी खर्च करता येतो: स्थानिक वाहिन्या, कराराच्या पालनावर देखरेख, आणि नूतनीकरणाची तयारी. म्हणजे वकील आणि तपासनीस दोघेही त्यात बसतात. फक्त टाउन मीटिंगची मंजुरी लागते, तेव्हा वॉरंट (सभेची विषयपत्रिका) बंद होण्याआधी विषय घाला.

स्टुडिओचा पैसा दोन भागांत मागा. पगार, भाडं, वीज ५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजली जातात. कॅमेरे, स्विचर, सर्व्हर, स्टुडिओपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतची लाइन बसवणं हा भांडवली खर्च त्या मर्यादेबाहेर आहे. तो टक्केवारीत किंवा प्रतिग्राहक घेऊ नका, ठरावीक रक्कम, ठरावीक तारखांना घ्या. ग्राहक घटले तरी ती घटत नाही. कंपनी ती रक्कम बिलावर वेगळी दाखवते आणि ग्राहक कमी होतील तसा प्रत्येकाचा वाटा वाढतो, एवढं बोर्डाला आधी सांगून ठेवा. शाळा आणि ग्रंथालयातली फुकट जोडणी कंपनी ५ टक्क्यांतून वळती करू पाहील. सहाव्या सर्किटच्या त्याच २०२१ च्या निकालाप्रमाणे तिथे कंपनीला येणारा प्रत्यक्ष जादा खर्चच धरता येतो, बाजारभाव नाही.

मुदत माझ्या मते पाच वर्षं. बाजार इतका झपाट्याने बदलतोय की त्यापुढचं बांधून घेण्यात अर्थ नाही.

खांबाखाली

मुदतीबाबत मी वेगळं म्हणेन. नूतनीकरणाला कमाल मर्यादा दहा वर्षांची. ठरावीक भांडवली रक्कम पदरात पडत असेल तर दहाही द्यावीत, कारण पाच वर्षांनी कंपनीची देण्याची तयारी आजच्यापेक्षा कमीच असेल. पण मग पाचव्या वर्षी सेवेची जाहीर सुनावणी, गावची वाहिनी एचडीमध्ये आणि तिच्या कार्यक्रमांची नावं पडद्यावरच्या यादीत, या अटी हव्यात. दंडाची रक्कम प्रत्येक चुकीमागे प्रतिदिन अशी आकड्यात लिहा आणि तिच्या मागे हमी म्हणून बाँडऐवजी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट मागा. बाँडवर विमा कंपनी आधी चौकशी लावते आणि महिने जातात. लेटर ऑफ क्रेडिटवर अटीत लिहिलेला कागद दाखवला की बँक पैसे देते.