नुसता वेग नको, बाण सरळ लागतोय का ते बघा

हलका बाण जोरात सुटतो म्हणून तोच खोल घुसणार, असं धनुर्विद्येत बरेच जण म्हणतात. वेगाचं बरोबर, खोलीचं पटत नाही. एकाच रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यातून समजा २० ग्रॅमचा बाण सेकंदाला ६० मीटरने सुटला आणि ३० ग्रॅमचा ५० मीटरने, तर ऊर्जा ३६ आणि ३७.५ ज्यूल, म्हणजे जवळपास सारखीच. जड बाणाचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मात्र सव्वापट होतो, आणि पेंढ्यात, म्हणजे गवताच्या लक्ष्यात शिरताना तोच कामाला येतो.

पण बाण सरळ लागतोय का, हे कुणीच विचारत नाही. सुटल्या सुटल्या तो डावीउजवीकडे वाकत असतो, पुढे जाता जाता सरळ होतो. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात पडवीत चार-पाच मीटरवरूनच सराव चालतो. तिथे बाण पेंढ्यात तिरके बसतात, शेपूट एका बाजूला झुकलेलं, आणि कमी घुसतात. उघडीप मिळाली की तेच बाण मैदानात १८ मीटरवरून जास्त खोल जातात, वेग थोडा उतरलेला असूनही. वाकडा लागला की जोर शाफ्ट, म्हणजे बाणाची काठी, वाकवण्यातच जातो. म्हणून वजन वाढवायच्या आधी शाफ्टचा ताठपणा धनुष्याच्या ओढीला (दोरी ताणायला लागणाऱ्या जोराला) जुळतोय का ते तपासा. टोक जड केलंत तर शाफ्ट आणखी वाकेल, तेव्हा तो जास्त ताठ घ्यावा लागेल.