अ‍ॅमी जॉन्सनचा दुसरा परवाना
ब्रिटिश वैमानिक अ‍ॅमी जॉन्सनच्या विमानाचे पैसे वडिलांनी आणि तेल कंपनीवाल्या लॉर्ड वेकफिल्डनी दिले, मग तिचं कौतुक कसलं, असा एक मुद्दा मांडला जातो; तो मला अर्धाच पटला. पैसे त्यांचे, मान्य. पण लंडनमध्ये वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या या मुलीने १९२९ मध्ये वैमानिकाबरोबर ग्राउंड इंजिनिअरचाही (विमानाची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याचा) परवाना मिळवला होता. ब्रिटिश बायकांत पहिलाच.

मे १९३० मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला एकटी विमान घेऊन निघाली (१९ दिवस लागले!), तेव्हा वाटेत इंधन संपत आलं म्हणून ती झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरली. पुढे रंगूनजवळ इनसिनला विमान खड्ड्यात गेलं, प्रोपेलर मोडला, पंख फाटला. जादा प्रोपेलर बाईंनी विमानालाच बांधून आणला होता. पंख तिथल्या तांत्रिक शाळेतल्या लोकांच्या मदतीने नीट केला.